बेतलेली हिरवळ

मराठी समीक्षेत एखाद्या कवितेला निकालात काढायचे असेल, तर तिला वाईट म्हणावे लागत नाही. 'कृत्रिम' म्हटले की काम भागते. मोरोपंतांच्या आर्येवर हा शिक्का इतक्या वेळा बसला आहे, की एकही आर्या न वाचलेल्या विद्यार्थ्यालाही तो पाठ असतो. उत्स्फूर्त ते अस्सल आणि घडवलेले ते कमअस्सल, हा विवेक आपण नेमका कधी शिकलो हे कुणालाच सांगता येणार नाही. आम्ही साहित्य शिकवतो, त्यामुळे हा शब्द आमच्या तोंडी जवळजवळ रोज असतो. मात्र गेल्या काही वर्षांत त्याविषयी आमच्या मनात जी शंका शिरली, ती कोणत्याही काव्यशास्त्रातून आलेली नाही. ती फुटबॉलच्या मैदानावरून आली, आणि तेही इंग्लंडमधल्या धाकट्या क्लबांच्या मैदानावरून.

ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. इंग्लिश फुटबॉल ही एक उंच शिडी आहे. सर्वांत वर प्रीमियर लीग, तिच्याखाली इंग्लिश फुटबॉल लीगच्या तीन पायऱ्या. या चार पायऱ्यांवर मिळून ९२ क्लब. पाचव्या पायरीपासून खाली जे शेकडो क्लब आहेत त्यांना एकत्रितपणे 'नॉन-लीग' म्हणतात. तिथले बरेच खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. मोसम संपला की वरचे काही खाली येतात, खालचे काही वर जातात. तत्त्वतः गावातला कोणताही क्लब जिंकत जिंकत शिखरापर्यंत पोचू शकतो, आणि या 'तत्त्वतः'वरच सगळ्यांचे प्रेम आहे. आमचेही आहे. मोठ्या संघांच्या झगमगाटापेक्षा खालच्या पायऱ्यांचे निकाल वाचण्यात आम्हांला अधिक गोडी वाटते. दिवाळी अंकांत जशी नामवंतांपेक्षा एखाद्या अनोळखी नावाची कथा आधी वाचावीशी वाटते, तसे काहीसे.

सटन युनायटेड हा लंडनच्या दक्षिण टोकाकडचा, १८९८ साली स्थापन झालेला क्लब. साहित्याच्या लोकांनी त्याच्यावर लोभ ठेवावा असे एक कारण आहे. जानेवारी १९८९ मध्ये या नॉन-लीग संघाने पहिल्या विभागातल्या कॉव्हेंट्री सिटीला २-१ असे हरवून एफए कपमधून बाहेर काढले. कॉव्हेंट्रीने तो चषक १९८७ मध्ये जिंकलेला होता. तेव्हाचे सटनचे मॅनेजर बॅरी विल्यम्स हे इंग्रजीचे शिक्षक. सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेतल्या आपल्या मजकुरात ते कवींची वचने देत. (पुढच्याच फेरीत नॉरिचने सटनवर आठ गोल चढवले, कवितेचा उपयोग किती व्हावा यालाही मर्यादा असतेच.)

२०१५ मध्ये सटनने आपल्या गँडर ग्रीन लेन या मैदानावरचे गवत काढले आणि कृत्रिम हिरवळ अंथरली. २०१७ मध्ये त्याच हिरवळीवर लीड्स युनायटेड हरला, आणि पाठोपाठ एफए कपच्या पाचव्या फेरीत आर्सेनलला तिथे येऊन खेळावे लागले. २३ मे २०२१ रोजी सटनने पाचव्या पायरीचे विजेतेपद मिळवले. स्थापनेनंतर १२३ वर्षांनी क्लब प्रथमच फुटबॉल लीगमध्ये जाणार होता. मात्र चौथ्या पायरीवर गवताखेरीज दुसरा पृष्ठभाग चालत नाही. ज्या मैदानावर खेळून ते वर आले, ते मैदानच विजयाच्या उन्हाळ्यात उखडून टाकणे ही वर जाण्याची अट होती. त्यांनी ते उखडले. आदल्या वर्षी, २०२० मध्ये, हॅरोगेट टाउनवरही हीच वेळ आली होती; नवे गवत तयार होईपर्यंत त्यांचे पहिले काही घरचे सामने डॉनकास्टरच्या मैदानावर झाले. २०२४ मध्ये ब्रॉमली वर गेला, त्यानेही आपली कृत्रिम हिरवळ काढली.

मोठ्या क्लबाच्या दृष्टीने मैदान म्हणजे पंधरवड्यातून एकदा उघडायचे देवघर. धाकट्या क्लबाचे तसे नसते. इंग्लंडच्या हिवाळ्यात डिसेंबर ते फेब्रुवारी गवत वाढत नाही आणि पाऊस मात्र थांबत नाही. बेताच्या देखभालीतले गवती मैदान आठवड्याला सहा-सात तासांहून अधिक खेळ सोसू शकत नाही. त्यापुढे गोलपुढचा आणि मधला भाग चिखल होतो. म्हणजे शनिवारी एक सामना, मंगळवारी रात्री क्वचित दुसरा, आणि उरलेले दिवस फाटकाला कुलूप. मुख्य संघसुद्धा सरावाला दुसरीकडे भाड्याने जागा घेतो. त्यातही शनिवारी सकाळी पंच येऊन चेंडू टाकून पाहतात, तो पाण्यात रुतला तर सामना पुढे ढकलतात. सामना पुढे गेला म्हणजे तिकिटांचे पैसे गेले, बारमधला गल्ला गेला, तळलेले बटाटे आणि पाय यांसाठी आणलेला माल वाया गेला. तोच सामना मग मार्चमध्ये एखाद्या मंगळवारी रात्री निम्म्या प्रेक्षकांत खेळायचा, आणि दिवसभर काम करून आलेल्या खेळाडूंनी एका आठवड्यात तीन सामने काढायचे.

कृत्रिम मैदानाला हे लागू नाही. ते सकाळपासून रात्री दिवे मालवेपर्यंत वापरता येते. दुपारी शाळेची मुले, संध्याकाळी क्लबच्याच आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींचे संघ, मग महिलांचा संघ, मग राखीव संघ, आणि शेवटी तासाने भाडे देऊन खेळणारे पोट सुटलेले गृहस्थ. ज्या क्लबाकडे दूरचित्रवाणीचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी हे भाडे म्हणजे वर्षभराचा आधार. केंटमधल्या मेडस्टोन युनायटेडची गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. जुना मेडस्टोन क्लब १९८९ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचला, पण गावातले मैदान विकून बसला होता आणि डार्टफर्डला जाऊन खेळत होता. १९९२ मध्ये कर्जात बुडून तो संपला. त्याचे नाव पुढे चालवणारा क्लब अगदी तळापासून उभा राहिला, आणि २०१२ मध्ये गावात स्वतःचे मैदान बांधून परतला तेव्हा त्यावर पहिल्या दिवसापासून कृत्रिम हिरवळच होती. जानेवारी २०२४ मध्ये याच क्लबाने, तेव्हा सहाव्या पायरीवर असताना, इप्सविच टाउनला त्यांच्याच गवतावर २-१ असे हरवले. कृत्रिम मैदानावर वाढलेल्यांना खऱ्या मैदानावर खेळता येत नाही, ही समजूत त्या दिवशी तरी खोटी ठरली.

मग हा नियम आला कुठून? तो स्मृतीतून आला आहे, आणि ती स्मृती निराधार नाही.

कृत्रिम हिरवळीचा जन्मच एका फजितीतून झाला. १९६५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे ॲस्ट्रोडोम हे छप्पर असलेले प्रचंड क्रीडागृह उघडले. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उन्हात बेसबॉलपटूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवली. त्यामुळे गवताला ऊन मिळेना आणि ते मेले. १९६६ मध्ये मोन्सँटो कंपनीने बनवलेले नायलॉनचे गवत तिथे अंथरले गेले आणि त्याला ॲस्ट्रोटर्फ हे नाव पडले. इंग्लंडमध्ये १९८१ साली क्वीन्स पार्क रेंजर्सने लंडनच्या लॉफ्टस रोडवर ऑम्नीटर्फ घातले. तेव्हा त्यांचे मॅनेजर होते टेरी व्हेनेबल्स. या व्हेनेबल्सनी १९७१ मध्ये गॉर्डन विल्यम्स यांच्यासह एक कादंबरी लिहिली होती, तिचे नाव 'दे यूझ्ड टू प्ले ऑन ग्रास'. ते पूर्वी गवतावर खेळत, अशा अर्थाचे ते नाव. विल्यम्स हे काही भाडोत्री लेखणी चालवणारे लेखक नव्हते. बुकर पारितोषिकाच्या पहिल्याच वर्षी, १९६९ मध्ये, त्यांची कादंबरी अंतिम यादीत होती. ज्याने गवताशिवायच्या फुटबॉलची कादंबरी लिहिली, त्यालाच दहा वर्षांनी त्या फुटबॉलचा मॅनेजर व्हावे लागले. कथेत असे कुणी लिहिले असते तर आम्ही त्याला जुळवून आणलेले म्हटले असते.

त्या पहिल्या पिढीची हिरवळ खरोखर वाईट होती. काँक्रीटवर अंथरलेल्या सतरंजीसारखी ती कडक. चेंडू टप्पा खाऊन डोक्यावरून जाई, घसरून अडवायला गेलेल्याच्या मांडीची साल निघे. घरच्या संघाला या उसळीची सवय, पाहुण्यांना नाही. त्यामुळे अन्यायाची ओरड झाली, आणि रेंजर्स १९८२ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात पोचले, १९८३ मध्ये दुसऱ्या विभागाचे विजेते झाले, तेव्हा ती वाढली. ल्यूटन, ओल्डहॅम आणि प्रेस्टन यांनीही तसेच पृष्ठभाग घातले. रेंजर्सनी १९८८ मध्ये ते काढले. ओल्डहॅमला १९९१ मध्ये पहिल्या विभागात जाताना काढावे लागले. शेवटचे प्रेस्टनचे, १९९४ मध्ये गेले. आज नियम करणाऱ्या मंडळींतल्या अनेकांनी ते सामने पाहिले किंवा खेळले आहेत. २०१४ मध्ये फुटबॉल लीगच्या क्लबांपुढे कृत्रिम मैदानांचा विषय पुन्हा आला तेव्हा तो नामंजूर झाला. त्याच मोसमापासून एफए कपने मात्र आपल्या सर्व फेऱ्यांत अशी मैदाने मान्य केली होती.

दरम्यान वस्तू बदलली होती. आता जिला तिसरी पिढी म्हणतात तिची पाती लांब आणि मऊ असतात. पात्यांच्या मुळाशी वाळूचा थर, त्यावर जुन्या टायरांचा बारीक चुरा. बूट त्या चुऱ्यात रुततो, चेंडू जवळजवळ गवतासारखा लोळतो. फिफाने २००१ मध्ये या पृष्ठभागांसाठी कसोट्या ठरवल्या आणि २००४ मध्ये खेळाच्या नियमांत त्यांना जागा दिली. पहिल्याच नियमात कृत्रिम पृष्ठभागासाठी एक अट आहे: रंग हिरवा असला पाहिजे. आम्ही हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ त्याच्यापाशी थांबलो. प्लॅस्टिकला निळे किंवा करडे असण्यात तांत्रिक अडचण काहीच नाही. त्याने गवत नसावे हे चालेल, पण गवतासारखे दिसावे. अनुकृतीचा सिद्धान्त शिकवताना देण्यासारखे उदाहरण आहे हे.

आमची रुची गवताच्या बाजूची आहे, हे सांगायला हवे. नोव्हेंबरमधल्या चिखलात माखलेला सामना पाहण्यात जे सुख आहे ते एकसारख्या हिरव्या चटईवर नाही. मोसम सरत जातो तसे गवती मैदान बदलते: ऑगस्टात पोपटी, जानेवारीत तपकिरी, एप्रिलमध्ये ठिगळांचे. खेळाला ऋतू असतात ते या मैदानामुळे. कृत्रिम मैदानावर पाऊस पडतो पण तिथे काही घडत नाही. घसरत येणाऱ्या बचावपटूच्या पाठीमागे चिखलात उमटणारी लांब रेघ आम्हांला प्रिय आहे. खेळाडूही बहुतांशी आमच्यासारखाच कौल देतात. सांध्यांना ताण जाणवतो, दुसऱ्या दिवशी पाय जड होतात, असे ते सांगतात. दुखापतींचे अभ्यास या बाबतीत एकमुखी नाहीत, पण ज्यांच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे त्यांचे म्हणणे नुसत्या आकड्यांनी बाजूला सारता येत नाही. २०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात सर्वस्वी कृत्रिम मैदानांवर झाला, तेव्हा अनेक आघाडीच्या खेळाडूंनी आदल्या वर्षी तिथल्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे तक्रार केली होती. पुरुषांचा विश्वचषक कधी असा झाला आहे का, हा त्यांचा प्रश्न अचूक होता. पुढे जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी तक्रार मागे घेतली. स्कॉटलंडच्या सर्वोच्च विभागातील क्लबांनी २०२४ मध्ये ठराव करून २०२६-२७ च्या मोसमापासून कृत्रिम मैदाने बंद करण्याचे ठरवले, आणि नेदरलँड्सच्या सर्वोच्च विभागाने २०२५-२६ पासून.

याहून गंभीर आक्षेप त्या टायरच्या चुऱ्याविषयी आहे. एका मैदानात तो शंभर टनांच्या आसपास असतो. बुटांतून, मोज्यांतून, पावसाच्या पाण्यातून तो सतत बाहेर जात राहतो, आणि दरवर्षी नव्याने भरावा लागतो. गेलेला चुरा जातो कुठे? गटारांत, ओढ्यांत, मातीत. युरोपीय रसायन संस्थेने २०१७ मध्ये खेळणाऱ्यांच्या आरोग्याला त्याचा धोका अत्यल्प असल्याचे मत दिले. परंतु सूक्ष्म प्लॅस्टिकच्या प्रश्नावर युरोपीय संघाने सप्टेंबर २०२३ मध्ये नियम केला आणि ऑक्टोबर २०३१ नंतर अशा चुऱ्याच्या विक्रीवर बंदी घातली. बुचाच्या झाडाच्या सालीचा किंवा अन्य वनस्पतिजन्य चुरा हा पर्याय आहे, पण तो भिजतो, वाहून जातो, महाग पडतो. शिवाय ही हिरवळ अमर नाही. दहा-एक वर्षांत तिची पाती झडतात आणि सबंध गालिचा गुंडाळून टाकावा लागतो. तो टाकायचा कुठे, याचे समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेले नाही. उन्हाळ्यात ती गवतापेक्षा कितीतरी अधिक तापते, हे आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

हे सारे मान्य करूनही सटनच्या उन्हाळ्याविषयीचा आमचा सल कमी होत नाही. कारण ज्या 'खऱ्या' गवताच्या नावाने हा नियम उभा आहे, ते गवत शिडीच्या वरच्या टोकाला तरी खरे कुठे राहिले आहे? मोठ्या मैदानांवर आज जे दिसते त्यात यंत्राने वीस सेंटिमीटर खोलवर टोचलेले प्लॅस्टिकचे लक्षावधी धागे असतात, आणि गवताची मुळे त्यांना धरून राहतात. लंडनच्या वेम्बली मैदानावर २०१० मध्ये असाच संकरित पृष्ठभाग बसवला गेला. खाली तापवणाऱ्या नळ्या, वर हिवाळ्यात रात्रंदिवस फिरते ठेवलेले कृत्रिम सूर्यप्रकाशाचे दिवे. बी निवडून पेरलेले, पाणी मोजून घातलेले, सामन्याच्या सकाळी पट्टे उमटतील अशा बेताने कापलेले. निसर्गाने यात काय केले, असे विचारले तर हिरवा रंग दिला एवढेच म्हणता येईल. याला आमचा आक्षेप मुळीच नाही. इतकी कुशल कारागिरी आदरानेच पाहावी. पण ही कारागिरी 'नैसर्गिक' आणि सटनची चटई 'कृत्रिम', हा निवाडा वस्तूच्या स्वभावावरून झालेला नाही. ज्याला ते दिवे आणि त्या नळ्या परवडतात त्याचे गवत सामन्याला तयार असते, आणि ज्याला परवडत नाहीत त्याचे चिखल होते. नियम दोघांना एकच.

युरोपात वरच्या स्पर्धांत अशी बंदी नाही, ही यातली गंमत. नॉर्वेचा बोडो/ग्लिम्ट हा क्लब उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर असलेल्या गावातला. तिथे हिवाळ्यात गवत उगवण्याचा प्रश्नच नाही, म्हणून मैदान कृत्रिम. याच मैदानावर ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी रोमा संघाला ६-१ असे चीत केले, २०२५ मध्ये ते युरोपा लीगच्या उपान्त्य फेरीपर्यंत गेले आणि पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये खेळले. म्हणजे खंडातल्या सर्वोच्च स्पर्धेला जे मैदान चालते ते इंग्लंडच्या चौथ्या पायरीला चालत नाही. आपल्याकडे मिझोराममध्येही असेच घडले. डोंगरउतारावरचे गाव, सपाट जागा दुर्मिळ, पाऊस मुबलक. अशा ठिकाणी एकेक कृत्रिम मैदान दिवसभर वापरात राहते. ऐझॉल फुटबॉल क्लबाने २०१७ मध्ये आय-लीग जिंकली ती असल्याच मैदानावर वाढून.

इथे हॉकीची आठवण कुणालाही होईल, आणि ती उलट्या बाजूने लागू पडते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. आमच्या आधीच्या पिढीतले लोक त्याविषयी आजही तावातावाने बोलतात. ऱ्हासाची कारणे अनेक होती, पण एक उघड होते: ज्या पृष्ठभागावर जगाने खेळायचे ठरवले तो आपल्याकडे औषधालाही नव्हता. तिथे कृत्रिम सक्तीचे झाले, इथे गवत सक्तीचे आहे. दोन्हीकडे ज्याच्याजवळ जे होते ते चुकीचे ठरले, आणि ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांचे बरोबर. हॉकीतले कृत्रिम मैदान गरिबाला नाडते म्हणून ज्यांनी हळहळ केली, त्यांनी फुटबॉलमधल्या गवताच्या सक्तीकडेही त्याच डोळ्यांनी पाहावे, असे आम्हांला वाटते.

खाशाबा जाधवांची गोष्ट याहून जुनी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला गादीची सवय नव्हती. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्याच गादीवर त्यांनी कांस्यपदक मिळवले. आज महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन्ही ठेवले आहेत आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात. आखाड्याच्या मातीला मात्र कृत्रिम म्हणण्याची छाती कुणाची झालेली नाही. वस्तुतः ती निवडलेली, चाळलेली, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली, रोज उकरून भिजवलेली असते. तिला आपण काळी आई म्हणतो तशी तांबडी आई मानतो, कारण तिच्यामागची मेहनत आपल्या परिचयाची आहे.

कोल्हापुरात तर फुटबॉलच तालमींतून आला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा ओस पडतात. शहरातले सारे वरिष्ठ संघ आपले महत्त्वाचे सामने त्या एकाच गवती मैदानावर खेळतात, आणि सरावाला गांधी मैदानासारख्या मोकळ्या जागा, ज्या पावसाळ्यात तळी होतात. इंग्लंडमधल्या धाकट्या क्लबाचे जे गणित आम्ही वर मांडले ते या मंडळींना कुणी शिकवायला नको. एका मैदानावर किती पाय पडू शकतात हा तिथला रोजचा प्रश्न आहे.

बाकी महाराष्ट्रात मात्र या प्रश्नाचे उत्तर बाजाराने परस्पर देऊन टाकले आहे. 'टर्फ' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मुळांसकट कापलेला गवती मातीचा थर. मुंबईकरांच्या कानाला तो महालक्ष्मीच्या घोड्यांमुळे परिचित. टर्फ क्लब म्हणजे शर्यतीचे हिरवे मैदान. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत या शब्दाने नेमकी उलटी उडी घेतली. 'रात्री टर्फवर येतोस का?' असे आमचे विद्यार्थी एकमेकांना विचारतात, तेव्हा त्यांना अभिप्रेत असते ते भोवती आणि वर जाळी लावलेले, दिव्यांनी उजळलेले, प्लॅस्टिकचे, तासाने भाड्याने मिळणारे आंगण. गवताचा शब्द गवत नसलेल्याचा वाचक झाला. अर्थपरिवर्तनाचे एवढे स्वच्छ उदाहरण भाषाविज्ञानाच्या तासाला सहसा मिळत नाही. आमच्या गावातही असे दोन टर्फ आहेत. भाडे तासाला हजाराच्या आसपास. दहा-बारा जणांनी वर्गणी काढली की जमते, आणि ज्याच्याकडे वर्गणीपुरते नाहीत तो जाळीबाहेर मोटरसायकलवर बसून बाकीच्यांचे फोन सांभाळतो. पूर्वी ही मुले ज्या पडीक जागेत खेळत तिथे आता इमारत आहे. सटनची चटई आणि ही चटई एकाच जातीची, पण तिथे ती क्लबाची होती आणि तिच्या भाड्यावर लहान मुलांचे संघ चालत; इथे तिचा क्लब नाही, संघ नाही, शिडी नाही. तास संपला की दिवे जातात.

म्हणून गवत की प्लॅस्टिक, असा सरळ कौल कुणी मागितला तर आम्ही तो देणार नाही. टायरचा चुरा जावा. २०३१ ची मुदतही आम्हांला लांबच वाटते. वरच्या पायरीवर खेळाडूंनी गवत मागितले तर ते मिळावे, कारण तिथे ते सांभाळण्याचे सामर्थ्य आहे. पण तिसऱ्या-चौथ्या पायरीवर नव्याने आलेल्या क्लबाला त्याचे चालते मैदान उखडायला लावू नये, निदान त्या चटईचे आयुष्य संपेपर्यंत तरी. मैदानाची कसोटी घ्यायचीच तर चेंडू किती उसळतो याबरोबर आठवड्यातून किती तास फाटक उघडे असते हेही मोजावे. असा नियम कुणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

सटनचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. नव्या गवतावर त्यांनी चौथ्या पायरीवर तीन मोसम काढले. पहिल्या मोसमात तर चांगलाच वरचा क्रमांक मिळवला. एप्रिल २०२४ मध्ये, शेवटच्या दिवशी मिल्टन कीन्स डॉन्सशी ४-४ अशी बरोबरी झाली आणि ते पुन्हा पाचव्या पायरीवर आले. त्या पायरीवर २०१५ पासून कृत्रिम मैदान चालते.